कापलेलं संत्रं

सपनाने बाटली मांडीवर आडवी धरली, लेबलची एक कड तिच्यावर टेकवली आणि अंगठ्याने हवा बाहेर सारत सारत ते दुसऱ्या कडेपर्यंत नेले. मधे एक बुडबुडा राहिलाच. सुईच्या टोकाने तो फोडून तिने त्यावरून बोट फिरवले. मग बाटलीत केशरी रंग कालवलेले पाणी भरले, झाकण लावले आणि ती ओसरीच्या कठड्यावर उन्हात ठेवली. फोटोसाठी सकाळचे हेच ऊन बरे असते. दहानंतर रंग पांढुरके दिसू लागतात.

लेबलवर मधोमध एक संत्रे होते, आडवे कापलेले. फोडींमधल्या बारीक पांढऱ्या रेषा तिने रंगाने काढल्या नव्हत्या, तेवढा कागद कोरा सोडला होता. खालच्या फोडीतून एक थेंब ओघळत होता, अजून सुटला नव्हता. मागे गडद हिरवे पान आणि त्या पानाची सावली काळी नव्हे, निळी. खाली 'बहारमोती' ही अक्षरे तिने स्वतः हाताने रेखली होती. 'मो'चा काना किंचित वाकवून तो संत्र्याच्या देठासारखा केला होता. तीन महिने ती या एका चित्रावर होती. अकोल्याच्या कंपनीने ते पहिल्याच बैठकीत पसंत केले. विक्री सांभाळणारे गावंडे साहेब तर बाटली हातात फिरवत म्हणाले होते, "मॅडम, दुकानात शंभर बाटल्यांत ही एकटीच दिसेल." पुढच्या आठवड्यात रिसोडला छपाई सुरू व्हायची होती.

फोन आणायला ती आत गेली. चार्जरला लावलेला फोन काढून, काच पुसून बाहेर येते तो बाटली कठड्यावर नव्हती. ती वच्छलाबाईंच्या हातात होती आणि त्या झाकण पिळत होत्या. समोर बाजेवर देवमन बसले होते, हातात स्टीलचा पेला घेऊन.

"मोठी माय, काय करून राह्यली?"

"यायले घोटभर देतो. सकाळपासून घसा सुकला म्हणते."

सपनाने पुढे होऊन बाटली त्यांच्या हातातून काढून घेतली. घाईत थोडे पाणी त्यांच्या लुगड्यावर सांडले.

"प्याचं नाई हे."

"मंग कायचं हाय?"

"झाडाचं औषध. संत्र्याच्या बहारावर फवारतात ते. म्हणजे यात आत्ता नुस्तं रंगाचं पाणी हाय, फोटोसाठी."

वच्छलाबाईंनी लुगड्यावरचा केशरी डाग पाहिला. मग सपनाच्या हातातली बाटली पाहिली. त्यांनी ती परत मागितली नाही, नुसती मान तिरकी करून लेबल नीट न्याहाळले, डोळे बारीक करून.

"आज पाणी हाय, उद्या औषध राहीन," त्या म्हणाल्या. "मंग हे चित्र खोटं बोलून राह्यलं."

वच्छलाबाई म्हणजे सपनाच्या वडिलांच्या थोरल्या भावाची, देवमनची, बायको. वाशिमजवळच्या मालेगावात दोन्ही घरे एका भिंतीने जोडलेली. सपनाची आई दवाखान्यात नर्स. तिच्या ड्यूटीच्या दिवसांत सपना या मोठ्या मायजवळच वाढली. खेळायला खेळणी नव्हती, पण मोठ्या मायची एक पत्र्याची पेटी होती आणि तिच्यात कागद होते. कापडाच्या ताग्यावर चिकटवलेला सोनेरी शाईचा मोर. फटाक्यांच्या पेटीवरची विमानात बसलेली बाई, जिचा पदर विमानाच्याही मागे उडत होता. काडेपेटीवरचा वाघ, ज्याचा पिवळा रंग छापताना सरकला होता, त्यामुळे वाघ एकीकडे आणि त्याचा पिवळेपणा दुसरीकडे. साबणाचे, उदबत्तीचे, चहाचे, बियाण्याच्या थैल्यांचे कागद. मोठी माय दुपारी ते अंथरून बसे आणि एकेक चित्र सपनाला दाखवी.

"हा वाघ भुकेला नाई व. त्याचे कान पाह्य. भेला हाय तो."

सपनाने कान पाहिले. कान खरेच मागे पडले होते. पुढे अमरावतीला चित्रकलेच्या महाविद्यालयात सरांनी चित्र वाचायला शिकवले, तेव्हा तिला वाटले, आपल्याला हे येते. वाशिमला फ्लेक्सच्या दुकानात तिने दोन वर्षे काढली. तिथे वाढदिवसाच्या फलकावर अठरा मुंडकी ओळीत बसवायची आणि सगळ्यांत मोठे कोणाचे यावरून होणारी भांडणे ऐकायची, एवढेच काम होते. त्या दिवसांत ती सुट्टीला घरी आली की पेटी उघडून बसे. चारच रंग, छपाई ओबडधोबड, पण कोणी तरी माणसाने विचार करून काढलेले. पेटीत शरबताच्या बाटलीचे एक पिवळे पडलेले लेबल होते, अर्ध्या कापलेल्या संत्र्याचे. ते तिचे सर्वांत लाडके. बहारमोतीचे काम मिळाले तेव्हा तिने तेच डोळ्यासमोर ठेवले होते. नक्कल नाही केली. पण जे तिथे होते ते इथे यावे, असा प्रयत्न होता. आणि आले होते. ते तिला ठाऊक होते, म्हणून तर "खोटं" हा शब्द तिला लागला.

"खोटं कसं?" ती म्हणाली. "संत्र्याचंच औषध हाय. संत्रंच दाखवीन ना? अन लिहेल हाय त्यावर मोठ्या अक्षरात. मागं सूचना हाय, पोटात घेऊ नये म्हणून."

बाजेवरून देवमन हसले. त्यांचा पेला अजून हातातच होता.

"हिले काय सांगतं लिहेलचं? हिनं मले मालिशचं तेल पाजलं होतं. तुले ठाऊक नाई का?"

सपनाला ठाऊक होते. सगळ्या आळीला ठाऊक होते. देवमनना खोकला झाला होता, कोनाड्यात दोन बाटल्या होत्या, दोन्ही तपकिरी, सारख्या उंचीच्या. एकीत खोकल्याचे औषध, दुसरीत गुडघ्याला चोळायचे तेल. नव्या नवरीने चमचाभर ओतून दिले. देवमन तोंड भाजून अंगणात नाचले, दोन दिवस ताकावर राहिले. पुढची चाळीस वर्षे प्रत्येक पाहुण्याला त्यांनी ही गोष्ट सांगितली. सांगताना ते तसेच नाचून दाखवत, आणि आता बसल्या बसल्या खांदे नाचवत. पाहुणे पोट धरून हसत.

"आम्ही दवाखान्यात गेलो तं डॉक्टर मले म्हणे, खोकला गेला का? म्या म्हटलं, खोकला काय, सारा गेलो असतो."

वच्छलाबाई पेला त्यांच्या हातातून घेऊन आत गेल्या. माठातले पाणी भरून आणून दिले. सपनाने त्या दिवशी फोटो काढले नाहीत.

दुपारी ती भांडी घासायला मागच्या अंगणात मोठ्या मायजवळ बसली. मग वच्छलाबाईच म्हणाल्या,

"तुले राग आला."

"नाई."

"आला. तू कढई दोनदा घासली."

सपना हसली. कढई बाजूला ठेवली.

"मोठी माय, तूच तं शिकवलं मले चित्र पाहाले. तुले शौक होता म्हणून मले लागला."

"शौक?" वच्छलाबाईंनी हातावरची राख धुतली. "शौक कायचा व? ते तेलाचं झालं, तवापासून घरात जे येईन त्याचा कागद मी काढून ठेवो. बाटली आली का तिचा कागद. पुडा आला का त्याचा कागद. दुसऱ्यांदा आणाले गेली का तो पदराले बांधून नेवो अन दुकानदाराच्या पुढं ठेवो. हे दे. मले नाव घेता येत नसे, वाचता येत नसे. कागद चुकत नसे."

सपनाने घासलेले पातेले पालथे घातले.

"हे लोकायले हसून सांगत. मी बी हसो. पण मले रातच्याले डोळ्यापुढं तीच बाटली दिसे. दुसरं काही असतं तं? फवाराचं असतं तं? मंग पाहता पाहता आवडाले लागले ते कागद, हे खरं हाय. कोन्या चित्रकारानं काढेल असन, त्यानं आपल्यावानी बाईचा विचार केला असन, असं वाटे. साबणाच्या कागदावर कपडे धुनारी बाई राहे. उदबत्तीवर धूर राहे. आता समद्यावर फोटो राह्यते. फोटोत समदंच राह्यते, म्हणून काही दिसत नाई."

"माझं तं फोटो नाई."

"नाई ना. म्हणूनच तं मी पाह्यलं अन मले समजलं, शरबत हाय."

सपनाने दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाटली पिशवीत टाकली आणि शेताच्या वाटेने निघाली. तिला मोठी माय चुकीची ठरायला हवी होती. एका माणसाच्या म्हणण्यावरून तीन महिन्यांचे काम बाजूला ठेवता येत नाही, असे ती चालताना स्वतःशी म्हणत होती आणि ते बरोबरही होते.

सोयाबीनची कापणी, सोंगणी, चालली होती. दहाच्या सुमाराला बाया बोरीच्या सावलीत शिदोऱ्या सोडून बसल्या होत्या, सात जणी. गोजराबाईंनी तिला ओळखले, सरकून जागा दिली. सपनाने बाटली मधे ठेवली आणि काही न सांगता विचारले,

"हे काय असन?"

"ज्यूस," तिच्याएवढीच असलेली एक पोरगी घास चावत म्हणाली.

"संत्र्याचं शरबत," प्रयागबाई म्हणाल्या. "उन्हाळ्यात पाहुण्यायले देतात ते. किती पानी टाकाव लागते यात?"

गोजराबाईंनी बाटली उचलून हलवून पाहिली. "घट्ट नाई. असंच पेत असन." आणि मग सपनाकडे बघत, "आमाले द्याले आणलं का?"

सातांपैकी पाच जणी शरबत किंवा ज्यूस म्हणाल्या. एकीला वाचता येत होते, तिने बाटली फिरवून मागचा मजकूर अर्धवट वाचला आणि म्हणाली, "झाडाचं दिसते बाप्पा हे." सातवीने नुसते बोट लावून तो थेंब पुसायला पाहिले आणि चित्र आहे हे कळल्यावर लाजली.

सपनाला एरवी त्या बोटाचा आनंद झाला असता. आपण काढलेला थेंब कोणी खरा समजून पुसायला जावे, याहून मोठी पावती चित्रकाराला काय मिळणार? ती उठली. बाटली पिशवीत घालताना तिने लेबल आतल्या बाजूला केले.

"घेऊन चालली का?" गोजराबाई म्हणाल्या.

"मावशी, हे औषध हाय. फवाराचं."

गोजराबाईंनी बाटलीला लागलेला हात पदराला पुसला. मग प्रयागबाई म्हणाल्या, "मंग असं काहून काढलं व?" आणि त्या प्रश्नात राग नव्हता, खरोखरच विचारणे होते.

गावंडे साहेबांना तिने बांधावरूनच फोन लावला. त्यांनी ऐकून घेतले. ते सभ्य गृहस्थ होते, कामात चोख.

"मॅडम, पहिली गोष्ट, हे विष नाही. टॉनिक आहे. सगळं नियमात बसवलेलं आहे. दुसरी गोष्ट, माल घेणारा शेतकरी असतो, बाया नाही. आणि शेतकऱ्याला वाचता येतं."

"बाटली घरात येते साहेब. कोनाड्यात राहते, फळीवर राहते."

"मग आता काय म्हणणं आहे तुमचं?"

"मी दुसरं काढून देते. जास्तीचं काही घेणार नाही."

"दुसरं कशाला? हे इतकं सुंदर झालंय. आमच्या सगळ्या टीमला आवडलंय. तुम्ही जरा जास्तच विचार करताय."

"साहेब, एक विनंती आहे. माझं लेबल लावलेली नमुन्याची भरलेली बाटली तुमच्याकडं आहे ना? ती एक दिवस घरी नेऊन ठेवा. कोणाला काही सांगू नका. बस."

ते हसले. बघतो म्हणाले. आणि हेही म्हणाले की गुरुवारपर्यंत बदल झाला नाही तर रिसोडचे प्रेसवाले भाऊसिंग छपाई सुरू करतील, आणि झालेल्या कामाबद्दल कंपनी तिची आभारी आहे. त्या शेवटच्या वाक्याचा अर्थ सपनाला कळला. पुढची चार लेबले, ज्यांच्याबद्दल बोलणे झाले होते, ती दुसऱ्या कोणाकडे जातील.

घरी येऊन तिने कोरा कागद काढला. संगणक उघडलाच नाही. पहिल्यांदा तिने बाटलीवर आडवी फुली मारलेले तोंड काढले. ते पाहून वच्छलाबाई म्हणाल्या, हा माणूस दात काढाले आला का? मग तिने कवटी काढली. वच्छलाबाईंनी तोंड फिरवले.

"भेव नको दाखवू. भेव दाखवलं का लोक पाहतच नाईत."

"मंग कसं सांगू, प्याचं नाई म्हणून?"

वच्छलाबाई तिच्या शेजारी खाली बसल्या. गुडघे दुखत असल्याने बसायला वेळ लागला. त्यांनी जुन्या लेबलवरच्या संत्र्यावर बोट ठेवले.

"हे कापेल हाय. कापलं का ते तोंडासाठी. विळीवर घेतलं म्हणजे आता कोनी तरी खाईन. बरोबर?"

"बरोबर."

"झाडावर असन तं झाडासाठी."

सपनाची पेन्सिल हातात तशीच राहिली. महाविद्यालयाच्या चार वर्षांत हे वाक्य तिला कोणी सांगितले नव्हते. सांगितले असते तर तिने वहीत लिहून घेतले असते.

संध्याकाळपर्यंत कागदावर एक अख्खे झाड उभे राहिले. फांदीवर चार फळे, सोललेली नाहीत, कापलेली नाहीत, दोन तर अजून हिरवी. झाडाखाली पाठीवर पंप घेतलेला माणूस. त्याच्या तोंडाला फडके कसे बांधायचे ते सपनाला जमेना, तेव्हा वच्छलाबाईंनी उठून देवमनच्या तोंडाला उपरणे बांधून दाखवले आणि देवमन उपरण्याआडूनही बोलतच राहिले. फवाऱ्याचे तुषार माणसाकडून झाडाकडे जात होते. थेंब कुठेच नव्हता. रंग तिने मुद्दाम फिके ठेवले, हिरवा पुढे आणला, केशरी मागे सारला.

चित्र चांगले होते. पहिल्याइतके नव्हते. हे तिला दिवा लावायच्या आधीच कळले होते, आणि दिवा लावल्यावरही तसेच दिसले.

बुधवारी ती एसटीने रिसोडला गेली. भाऊसिंग राठोडांची प्रेस बाजार समितीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, धान्याच्या दुकानांच्या रांगेत. साठीचा माणूस, ट्रेडल मशीनसाठी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यापासून सुरुवात केलेला, आता चाररंगी मशीन चालवणारा. बोटांच्या पेरांत शाई कायमची मुरलेली. सपनाने दोन्ही लेबले त्यांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि काय झाले ते सांगितले.

त्यांनी खिशातून भिंग काढले. आधी जुने पाहिले. मग नवे. मग पुन्हा जुने, आणि या वेळी बराच वेळ.

"बेटा, खरं सांगू का?"

"सांगा काका."

"हे देखणं हाय." त्यांचे बोट कापलेल्या संत्र्यावर होते. "निळी सावली हाय ना ही, ही छापाले हात शिवशिवते. पंधरा-वीस वर्षांत असं काम माझ्या टेबलावर आलं नाई. समदे फोटो घेऊन येतात. दुसरं ठीक हाय. कामाचं हाय."

"मला माहीत आहे," सपना म्हणाली. "पण दुसरंच छापा."

भाऊसिंगांनी भिंग पुसून खिशात ठेवले. "तुझ्या सांगण्यावरून मी नाई बदलू शकत. ऑर्डर कंपनीची हाय. ते म्हणतील ते छापीन." मग म्हणाले, "पण स्टिकरचा कागद अकोल्यावरून याचा हाय. तो शुक्रवारशिवाय येत नाई, हे बी खरं हाय. साहेबाले मी तसं कळवतो, झाडाच्या चित्राचं बी सांगतो."

त्यांनी चहा मागवला. चहा होईपर्यंत दोघे ते जुने लेबल मधे ठेवून बसले. लग्नपत्रिकेवरचे गणपती पूर्वी लाकडी ठशांवरून छापत, त्याचे त्यांनी सांगितले. एका ठशातल्या गणपतीचा कान तुटला होता आणि तालुक्यातली दोन-तीनशे लग्ने त्या तुटक्या कानावर लागली, कोणाच्या लक्षात आले नाही. सपना हसली. निघताना तिने पहिल्या लेबलचा नमुना उचलला, आणि भाऊसिंगांनी हात पुढे केलेला पाहून तो त्यांनाच दिला. त्यांनी तो टेबलाच्या काचेखाली सरकवला.

गुरुवारी फोन आला नाही. शुक्रवारी सकाळी सपनाने दुसरीकडे काम शोधायचे म्हणून जुन्या कामांचे फोटो एका फाईलमध्ये लावायला घेतले. बहारमोतीच्या पहिल्या लेबलपाशी आली तेव्हा ती थांबली. ठेवावे की काढावे, हे ठरेना. तेवढ्यात गावंडे साहेबांचे नाव फोनवर दिसले.

"मॅडम, बोलू शकता का?"

"हो साहेब."

ते गाडीत बसले असावेत. दार बंद झाल्याचा आवाज आला आणि रस्त्याचा गोंगाट थांबला.

"तुम्ही म्हणाला होता म्हणून बाटली घरी नेली होती. म्हणजे मनावर घेऊन नव्हे, सहज. डायनिंग टेबलावर ठेवली आणि मी अंघोळीला गेलो. आलो तर बाटली नाही."

सपनाने फोन कानाशी घट्ट धरला.

"आईनं फ्रिजमध्ये ठेवली होती. दारात, दुधाच्या शेजारी. नातीला शाळेतून आल्यावर द्यायची म्हणून. सीलबंद होती म्हणून निभावलं."

"हो."

"आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, मॅडम. अडतीस वर्षं. अजून रोज पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचते. मी तिला विचारलं, आई, तू यावर काय लिहिलंय ते वाचलं नाहीस का? तर म्हणाली, वाचायचं काय त्यात, दिसतंय की." मग त्यांचा आवाज पुन्हा कामाचा झाला. "ते झाडाचं डिझाइन भाऊसिंगांकडं आहे ना? तेच छापू. मी त्यांना सांगतो. आणि बाकीच्या चार लेबलांचं सोमवारी बोलू. ती तुमच्याकडंच."

सपनाने फोन ठेवला. मग भिंतीपलीकडून सुपाचा आवाज येत होता तिकडे गेली. वच्छलाबाई अंगणात नवे सोयाबीन पाखडत होत्या. फोलपटे उडून तुळशीपर्यंत गेली होती. देवमन बाजेवर झोपले होते, तोंडावर पंचा घेऊन.

"साहेबाचा फोन होता," सपना म्हणाली आणि पायरीवर बसली. "तुझंच झाड छापून राह्यले."

"बरं झालं."

"त्यायच्या आईनं बाटली फ्रिजमधी नेऊन ठेवली. नातीले द्याले."

सूप थांबले नाही. "वाचता येत नसन बिचारीले."

"मोठी माय, त्या शाळेत मास्तरीण होत्या. अडतीस वर्षं."

सूप थांबले. वच्छलाबाईंनी ते मांडीवर टेकवले. कडेला जमलेले दोन-चार दाणे त्यांनी बोटाने मधे ओढले, मग पुन्हा कडेला सारले. सपनाकडे त्यांनी पाहिले नाही. बाजेकडे पाहिले, पंचा श्वासाबरोबर वर-खाली होत होता तिकडे.

"मास्तरीण," त्या म्हणाल्या.

"हो."

"तिले काही बोलले तं नाई ना घरचे? हसले-गिसले?"

"नाई. साहेब काही हसल्यावानी वाटले नाई."

वच्छलाबाईंनी मान हलवली. सूप पुन्हा उचलले, वाऱ्याची दिशा पाहून थोडे वळून बसल्या. दोन झटके दिल्यावर हात परत थांबला.

"तू फोन करशीन तवा सांगजो त्या साहेबाले," त्या म्हणाल्या. "म्हणाव, मायले म्हणा मनाले लावून घेऊ नको. तिची चूक नाई. चित्रच तसं देखणं होतं."